परत लिही

आश्रमशाळेतली मुलं आशा भोये बाईंना पाठीमागे ‘परतबाई’ म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा कुणीतरी फळ्यावरच खडूने ते नाव लिहून ठेवलं. बाई वर्गात आल्या, त्यांनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “अक्षर वाकडं आलंय. परत लिही.” वर्ग हसला. लिहिणारा काही उठला नाही, पण दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेच नाव सरळ, टपोऱ्या अक्षरांत होतं.

ही शाळा पेठच्या पुढे, गुजरातच्या हद्दीकडे. मुलं कोकणा आणि वारली घरांतली. भात आणि नागली, म्हणजे नाचणी, घरात आली की त्यांचे आईबाप टोळीने दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत कामाला जात, ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परतत. बाई स्वतः अशाच एका कोकणा घरातल्या. त्यांचे यजमान दिनेश सातपूरला एका वर्कशॉपमध्ये होते आणि त्यांची खोली आमच्या खोलीला लागून होती. शनिवारची सकाळची शाळा सुटली की बाई एसटीने नाशिकला यायच्या आणि सोमवारी पहिल्या गाडीने परत जायच्या. मी त्यांना ओळखते ती त्या रविवारांमुळे. भाजी निवडता निवडता त्या बोलत. पुढचं पुष्कळसं मला त्यांच्याकडूनच कळलं, थोडं त्यांच्या विद्यार्थिनीकडून, सविताकडून.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बाई डीएड करायला नाशिकला आल्या आणि आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहिल्या. पहिल्याच चाचणीत निबंधाला वेळ पुरला नाही. शेवटचं वाक्य मध्येच तुटलं. पेपर हातात आला तेव्हा त्या तुटलेल्या वाक्याखाली मॅडमचा शेरा होता, ‘छान’. शेजारच्या बाकावरच्या शहरातल्या मुलीचाही निबंध अर्धाच राहिला होता. तिच्या पेपरवर होतं, ‘अपूर्ण. परत लिहून आण.’

“मला तिचा हेवा वाटला,” बाई म्हणाल्या होत्या. “तिच्याकडून अजून काहीतरी यायचं राहिलंय, असं मॅडमना वाटत होतं. माझ्याकडून आलं तेवढंच पुष्कळ होतं.”

त्या मॅडम वाईट नव्हत्या. थंडीत वसतिगृहातल्या मुलींना स्वेटर आणून द्यायच्या, आजारी पडलं तर डबा पाठवायच्या. बाई हे प्रत्येक वेळी सांगत. मॅडम मायाळू होत्या, म्हणूनच त्यांच्यावर रागावताही आलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

शाळेत आल्यावर त्यांनी कुणाच्याच वहीत ‘छान’ लिहिलं नाही. मुख्याध्यापकांनी एकदा समजावून पाहिलं, की बाई, ही पोरं दोन ओळी लिहितात तेच खूप झालं, कशाला दमवता. सरांचा मुलगा नाशिकला इंग्रजी शाळेत होता. बाईंनी विचारलं, “तुमचा रुद्र दोन ओळी लिहून आला तर चालेल, सर?” सर म्हणाले, त्याचं वेगळं आहे. बाईंनी पुढे वाद घातला नाही, पण त्या दिवसापासून सर त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागले.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास शाळेला संगणक मिळाले. ते कव्हर घालून एका खोलीत ठेवले होते, दसऱ्याला त्यांना हार घातला जाई. इंटरनेट नाशिकलाच. बाई शनिवारी सीबीएसच्या एसटी स्थानकावर उतरून जवळच्या एका सायबर कॅफेत बसू लागल्या, मराठी टाइप करायला शिकल्या. तिथेच त्यांना तो ज्ञानकोश सापडला, कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, सगळ्यांनी फुकट वाचावं असा. त्यांनी स्वतःचा तालुका शोधला. हा नाशिक जिल्ह्यातला एक तालुका आहे, एवढं एकच वाक्य होतं. नागलीबद्दल तर काहीच नव्हतं. त्या रविवारी त्या भाजी तशीच ठेवून सांगत बसल्या होत्या, की तिथे आपल्याला कुणी अडवत नाही, जात विचारत नाही, शाळा विचारत नाही. फक्त नीट लिहिलं पाहिजे.

मग मुलांनी लिहायला घेतलं. नागलीवर, कवळीच्या भाजीवर, राबावर. सोमा नावाच्या मुलाने लिहून आणलं, ‘राब म्हणजे राब.’ बाईंनी त्याला विचारलं, मुंबईतला माणूस हे वाचेल, त्याला काय कळेल? परत लिही. सोमा बापाकडून सगळं विचारून आला. रोप टाकायच्या जागेवर शेण आणि पालापाचोळा कसा अंथरतात, तो कधी पेटवतात, वारा कुठल्या बाजूचा बघतात. तेही बाईंनी दोनदा परत पाठवलं. शेवटी ते त्या कोशात गेलं आणि पुढच्याच आठवड्यात कुणा अनोळखी माणसाने खाली भर घातली, की आमच्याकडे रायगडातही असंच करतात. बाईंनी त्याची प्रिंट आणली. मुलं त्या ओळीभोवती गोळा झाली. सोमाला कळेना, की रायगडातल्या माणसाला आपल्या बापाचं म्हणणं खरं वाटलं कसं.

लहान लेखांच्या तळाशी त्या कोशात एक पट्टी येई. हा लेख अपूर्ण आहे, भर घालून मदत करा. बाईंना ती पट्टी फार आवडायची. ज्या शब्दासाठी त्या वसतिगृहात झुरल्या होत्या, तो आता त्यांच्या मुलांच्या लिहिण्याखाली येत होता. प्रिंटा त्या वर्गाच्या भिंतीवर लावत आणि त्या पट्टीवर बोट ठेवून म्हणत, “बघा, तुमच्याकडून अजून मागतायत.”

सविता तेव्हा दहावीत होती. वर्गात बोलायची कमी, पण परत लिहायला सांगितलं तर तिचं तोंड कधी वाकडं झालं नाही. तिचा आजा झिपरूबाबा थाळीवर कथा सांगणारा. काशाची थाळी, तिच्या मध्यावर मेणात उभी केलेली वाळकी काडी. काडीवरून बोटं ओढली की थाळी घुमते आणि त्या घुमण्यावर कथा चालते. झिपरूबाबा सुगी झाली की कणसरीची कथा सांगत. कणसरी म्हणजे धान्याची देवी. ती माणसांवर रुसते, घर सोडून निघते, माणसं तिला रानोमाळ शोधतात आणि शेवटी घरी आणतात. सांगणारे झिपरूबाबा, पण मागे त्यांची बायको अक्काबाई बसलेली असे. ती स्वतः कथा सांगत नसे, थाळी पुरुषानेच धरायची. पण बाबा कुठे चुकले की ती नुसती “अंहं” म्हणे. बाबा थांबत, मागे जात, नीट सांगत. सविताने हे लहानपणापासून पाहिलं होतं.

बाईंनी तिला सांगितलं, ही कथा तू लिही. सुट्टीत घरी गेली की सविता आजाला विचारून लिहून आणी. आजा चार शब्दांत सांगे, ती बाईंच्या धाकाने चाळीस प्रश्न विचारी. कणसरी निघाली तेव्हा अंगणात कुठलं झाड होतं? त्या झाडाला ती काय म्हणाली? आजा हसून म्हणे, तुझी बाई माझ्याहून वरची भगत दिसते. ते लिहिणं फार चांगलं होत होतं. दिवाळीच्या आधीपर्यंत कणसरी उंबरा ओलांडून निघाली होती, एकेका झाडाचा निरोप घेत शिवेपर्यंत गेली होती.

सविता म्हणाली, “बाई, पुरी झाली की टाकू. आजा म्हणतो, मधी मोडायची नाय.”

झिपरूबाबांच्या घरचा तो नेम होता. कणसरी घराबाहेर असताना कथा थांबवायची नाही. थांबवली तर ती बाहेरच राहते. बाईंनीही लहानपणी असं काही ऐकलं होतं. पण तो नेम थाळीचा, गाण्याचा, असं त्यांना वाटलं. लिहिताना कसली मोडते? आणि त्या कोशाची रीतच होती, की आहे तेवढं ठेवायचं, बाकीचं मागून भरायचं. सुट्टीआधी मुलांनी सविताचं लिहिणं पाहावं, इतकं लिहिता येतं हे त्यांना दिसावं, म्हणून त्यांनी त्या शनिवारी लेख टाकला. सोमवारी प्रिंट भिंतीवर लागली.

दिवाळीच्या सुट्टीसाठी पालक मुलांना न्यायला आले. सविताचा बाप हिरामण याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. मुलीचं नाव बघून तो भिंतीशी थांबला आणि ओठ हलवत वाचू लागला. शिवेपर्यंत आला आणि खालची पट्टी त्याने पुन्हा पुन्हा वाचली. मग त्याने विचारलं, “बाई, हे कुठवर गेलं आता?”

“जगभर,” बाई आनंदाने म्हणाल्या.

हिरामणने मुलीची पिशवी उचलली आणि तो चालू लागला.

दिवाळी उलटली आणि झिपरूबाबांच्या अंगावरून वारं गेलं. खळ्यावर बसल्या जागी ते कलंडले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. सुट्टी संपली, सविता शाळेत आली नाही. बाई पाड्यावर गेल्या तर घराला कडी. शेजारणीने सांगितलं, सगळी दिंडोरीकडच्या बागेत गेली. म्हाताऱ्याला बघायला मागे कोणी नाही, म्हणून त्यालाही टेम्पोत घालून नेला. त्याचं करायला म्हातारी अडकली आणि विरळणीला हात कमी पडतात म्हणून सविताला लावली.

बाई शोधत त्या बागेत पोचल्या. द्राक्षाचे घड दाटीचे झाले होते आणि टोळी कात्र्या घेऊन मणी विरळ करत होती. हिरामणने बाईंना मानाने बसवलं, पाणी दिलं. त्याने आवाज चढवला नाही.

“तुमाला काय म्हणायचं नाय, बाई. तुमी आमच्यातल्याच. पण आमच्या घरात ही कथा कधी मोडली नाय. आता ती शिवेवर उभी हाय, जगाला दिसतंय ती बाहेर हाय, आन् माझा बा मुका पडलाय. ती घरात आल्याबिगर पोरगी साळंत नाय यायची.”

बाईंनी परीक्षेचं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. रक्तदाबाचा आजार होता, असं हिरामणनेच सांगितलं आणि मान हलवली. तो आजार त्याला मान्य होता. पण त्याने दुसरं काही खोटं ठरत नव्हतं.

मी पुसून टाकते, असं बाई म्हणाल्या. त्याच शनिवारी कॅफेत बसून त्यांनी आख्खा लेख कोरा केला. पुढच्या शनिवारी उघडून पाहिला तर कणसरी पुन्हा शिवेवर उभी. कुणीतरी मजकूर जसाच्या तसा परत आणला होता आणि बाईंसाठी सभ्य भाषेत निरोप ठेवला होता, की कृपया उपयुक्त माहिती काढून टाकू नये, लेख उत्तम आहे, पूर्ण करावा. बाईंनी पुन्हा पुसला. तो पुन्हा आला. कुणाला सांगायचं, काय अर्ज करायचा, हे त्यांना उमगलं नाही. जे सगळ्यांचं म्हणून त्यांनी मोठ्या प्रेमाने दिलं होतं, ते आता खरोखरच सगळ्यांचं झालं होतं.

त्यांनी बागेत जाऊन तसं सांगितलं. हिरामण म्हणाला, “तुमीच लिवलं, आन् तुमालाच पुसता येत नाय?” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्याला ते खरंच समजत नव्हतं. बाईंना त्या दिवशी त्याची नजर चुकवावी लागली.

सविता म्हणाली, “मग मी पुरी लिवते.”

झिपरूबाबांना बोलता येत नव्हतं आणि दिवसभर सविताचे हात कात्रीत. बाई पुन्हा गेल्या त्या दुपारी तिने कागद पुढे केले. बोटं द्राक्षाच्या पानांनी हिरवी-काळी झाली होती. पत्र्याच्या शेडमध्ये झिपरूबाबा गोधडीवर पडून होते, त्यांच्या उशाशी अक्काबाई तांदूळ निवडत होत्या. टोळी दुसऱ्या दिवशी निफाडकडे हलणार होती आणि एक टेम्पो रिकामा पेठकडे परतणार होता. सविता एकतर त्यात बसणार, नाहीतर टोळीबरोबर पुढे जाणार. बोर्डाची परीक्षा जवळ आली होती.

हिरामण म्हणाला, “बाई, वाचा मोठ्यानं. बाला ऐकू येतंय.”

बाईंनी सुरुवातीपासून वाचलं. उंबरा, अंगणातलं झाड, एकेक निरोप. झिपरूबाबांचे डोळे उघडे होते. शीव आली आणि तिथून सविताचं नवं लिहिणं सुरू झालं. ‘मग सगळे लोक तिला शोधायला गेले. त्यांनी तिला खूप शोधले. ती सापडली.’

“अंहं,” अक्काबाई म्हणाल्या.

त्या तांदळातून मान वर न काढताच म्हणाल्या होत्या. पण शेडमधल्या प्रत्येकाने ते ऐकलं. झिपरूबाबांचा डावा हात गोधडीवर थोडा हलला. सविता बाईंकडे बघत होती.

बाईंना सगळं दिसत होतं. हे लिहिणं थकलेल्या मुलीने उरकलेलं आहे, हे दिसत होतं. शोधायला कोण गेलं, कुठल्या वाटेने गेलं, देवीने कशाकशात लपून पाहिलं, ते सगळं गळलं होतं आणि ते ज्यांना पाठ होतं त्या हाताच्या अंतरावर बसल्या होत्या. अक्काबाई सांगणार नव्हत्या, पण टोकणार होत्या. सविता लिहीत गेली असती आणि त्या टोकत गेल्या असत्या, तर कथा सगळी मिळाली असती. त्यासाठी एक शब्द बोलायला हवा होता, जो बाई रोज बोलत. आणि तो बोलला तर उद्याचा टेम्पो सविताला न घेताच जाणार होता.

बाई पुढे वाचत राहिल्या. ‘मग कणसरी घरात आली आणि सगळ्यांनी नवा भात खाल्ला.’

“छान झालंय,” त्या म्हणाल्या.

हिरामणने मोठा श्वास सोडला. बापाच्या कानाशी वाकून त्याने सांगितलं, की आली घरात. झिपरूबाबांचा हात अजून हलत होता. तो काय सांगत होता, ते कुणी विचारलं नाही. अक्काबाई सूप घेऊन बाहेर गेल्या.

सविता बाईंना रस्त्यापर्यंत पोचवायला आली. बसची वाट बघताना ती म्हणाली, “बाई, सोमाला राबाचं किती वेळा परत लिवायला लावलंत.”

“हो.”

“मला नाय म्हणलात.”

“वेळ कुठे होता, सविता?”

सविताने मान डोलावली. तिला ते पटलं होतं. बाई मला म्हणाल्या, तिला पटायला नको होतं.

सविता टेम्पोतून परत आली, परीक्षेला बसली, द्वितीय श्रेणीत पास झाली. मुख्याध्यापकांनी त्या वर्षी पहिल्यांदा बाईंचं भाषणात नाव घेतलं. पण त्या उरलेल्या आठवड्यांत सविताने लिहिलेलं काहीही बाईंना तपासायला दाखवलं नाही. मागितलं तर देई, परत आलेलं घेई, मुकाट लिहून आणी. स्वतःहून कधी टेबलाशी आली नाही. बाई वर्गात पूर्वीसारख्याच ‘परत लिही’ म्हणत. मात्र ते म्हणताना सविताच्या बाकाकडे बघायचं टाळत.

तो उन्हाळा सरला आणि झिपरूबाबा गेले. पुढच्या पावसाळ्यात अक्काबाईही. बाईंनी सविताचा शेवट लेखात घातल्यावर खालची अपूर्णची पट्टी कुणीतरी केव्हाच काढली होती. कथेला शेवट होता, म्हणजे ती पुरी होती. बाई शनिवारी कॅफेत गेल्या की तो लेख उघडून बसत. बाकी मुलांच्या लेखांत लोक भर घालत होते. त्या लेखात कुणी काही घातलं नाही. घालणार तरी कोण?

सविता अकरावीला नाशिकला आली आणि वसतिगृहात राहू लागली. वसतिगृहापासून सातपूरला सरळ बस होती. ती दोन वर्षांत एकदाही बाईंच्या खोलीवर आली नाही. बारावी झाल्यावर एका शनिवारी मात्र ती सीबीएसच्या त्या कॅफेत येऊन उभी राहिली. बाई तिथे असतात, हे तिला माहीत होतं.

“सरका, बाई,” ती म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीवर बसली.

बाईंनी तो लेख उघडला. सविता म्हणाली, शेवट काढायचा नाही. ती घरात आलेली तशीच राहू द्यायची. मधेच लिहायचं. म्हणजे कथा मोडणार नाही. हे तिने कधीपासून ठरवून ठेवलं होतं कोण जाणे. शीव आणि घर यांच्यामध्ये तिने जागा केली आणि टाइप करू लागली. ती आता भराभर टाइप करत होती. शोधायला निघालेल्या माणसांनी डोंगर ओलांडले, नद्या ओलांडल्या, त्यांची पावलं थकली पण मनं थकली नाहीत, असं तिने लिहिलं आणि हात मांडीवर घेतले. बाईंनी वाचलं. कॅफेवाला पंखा मोठा करून गेला. मग बाईंनी पडद्यावर त्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे तुझ्या आज्याचं नाही. पाठ्यपुस्तकातलं आहे. परत लिही.”

सविताचा चेहरा उतरला, मग तापला. “आता कोणाला विचारू?” ती म्हणाली.

दोघींनाही तांदूळ निवडणारी म्हातारी आठवत होती आणि दोघींनीही तिचं नाव काढलं नाही. सविताने ती ओळ पुसली. वर कणसरी शिवेवर उभी होती, खाली ती घरी आलेली होती आणि मधली जागा रिकामी होती. सविता त्या जागेकडे बघत राहिली. मग ती आज्यासारखी मागे जाऊन पुटपुटत एकेक झाड आठवू लागली, आणि बाई शेजारी गप्प बसून, कुठे चुकतंय का ते ऐकू लागल्या.